पाच रुबलची चुरगळलेली नोट

पीटर्सबर्गमधला एक चोवीस वर्षांचा कारकून कोटाची कॉलर बदलायच्या मागे लागलाय. जुनी कॉलर रॅकूनच्या कातड्याची, बड्या लोकांत शोभणारी नाही. बीव्हरची हवी. खरी बीव्हर परवडत नाही, म्हणून जर्मन बीव्हर. ती लवकर झिजते, कळकट दिसायला लागते, हे त्याला ठाऊक आहे. पण त्याला ती एकदाच वापरायची आहे. तेवढेही पैसे नाहीत, तेव्हा तो खात्यातल्या वरिष्ठापुढे, आंतोन आंतोनिचपुढे, हात पसरतो आणि त्या शरमेने त्याची झोप उडते. हातमोजे आधी लिंबू रंगाचे घ्यावेत असं वाटतं, मग काळे जास्त भारदस्त दिसतील म्हणून काळे. हाडाच्या गुंड्यांचा शर्ट तयार. ही जमवाजमव लग्नासाठी नाही की नोकरीसाठी नाही. नेव्हस्की रस्त्यावर समोरून येणाऱ्या एका लष्करी अधिकाऱ्याला वाट न देता खांद्याला खांदा भिडवायचा, एवढ्यासाठी.

या अधिकाऱ्याने त्याचं काय केलं होतं? काहीच नाही, आणि तेच तर दुखणं. काही वर्षांपूर्वी एका खानावळीत बिलियर्डच्या टेबलाजवळ हा वाटेत उभा होता. अधिकाऱ्याने एक शब्द न बोलता त्याला दोन्ही खांद्यांना धरून उचललं, बाजूला ठेवलं आणि तो पुढे गेला. मारलं असतं तर याने माफ केलं असतं. पण खुर्ची सरकवावी तसं सरकवलं. मग हा वर्षानुवर्षं त्या माणसाच्या मागावर राहतो, त्याच्यावर टीका करणारी कथा लिहून मासिकाला पाठवतो, द्वंद्वाचं आव्हान देणारं पत्र लिहून खिशातच ठेवतो. शेवटी एक दिवस डोळे मिटून धडक देतो. लागतं यालाच, कारण तो धिप्पाड. अधिकारी वळूनसुद्धा बघत नाही. हा मात्र इटालियन गाणी गुणगुणत घरी येतो. त्याने दाखवलं नाही, पण त्याच्या लक्षात आलं होतं, अशी याची पक्की खात्री.

दोस्तोव्हस्कीच्या १८६४ सालच्या ‘तळघरातली टिपणं’ या कादंबरीतला हा प्रसंग. जगभर या छोट्या पुस्तकाकडे इच्छास्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हणून बघितलं जातं. माझा वाद इथेच आहे. ज्याला आपण स्वातंत्र्याचा नायक म्हणून डोक्यावर घेतलं, त्याच्याइतका बांधलेला माणूस रशियन साहित्यात शोधून सापडणार नाही. आणि हे दोस्तोव्हस्कीला पक्कं माहीत होतं. आपणच पुस्तक अर्धवट वाचलं.

अर्धवट म्हणजे अक्षरशः अर्धवट. पुस्तकाचे दोन भाग आहेत. पहिल्यात चाळिशीचा निवृत्त कारकून जगाशी वाद घालतो. दुसरा भाग ‘ओल्या बर्फाच्या निमित्ताने’ या नावाचा. त्यात तोच माणूस सोळा वर्षांपूर्वीच्या आठवणी सांगतो. १९५६ साली तत्त्वज्ञ वॉल्टर काउफमन यांनी अस्तित्ववादी लेखनाचं जे प्रसिद्ध संकलन काढलं, त्यात फक्त पहिला भाग घेतला आणि त्याला अस्तित्ववादाची आजवरची सर्वोत्तम नांदी म्हटलं. इंग्रजीतून अस्तित्ववाद शिकलेल्या कित्येकांच्या हाती ही नांदीच पडली, नाटक पडलंच नाही.

मीही त्यातलाच. वसतिगृहात असताना खोलीच्या दारावर आतल्या बाजूने खडूने त्या पहिल्या भागातलं २ × २ = ५ असं लिहून ठेवलं होतं. बाहेरच्या बाजूने लिहायची छाती नव्हती, यावरून माझ्या बंडाची पातळी कळावी. खोलीतल्या जोडीदाराने विचारलं, हे काय, तर मी त्याला तासभर व्याख्यान दिलं आणि आठवडाभर मेसमध्ये एकटा जेवलो. एकटं जेवणं म्हणजे मोकळं असणं, असं तेव्हा प्रामाणिकपणे वाटायचं. हिशेब मुद्दाम चुकवण्याची ही हौस आपल्याकडेही आहेच. किरण नगरकरांनी १९७४ साली आपल्या पहिल्या कादंबरीला ‘सात सक्कं त्रेचाळीस’ हे नाव दिलं, ते कानावर पडताच हसू येतं ते त्यामुळेच. पाढा चुकला की मास्तर छडी मारतात, आणि चुकवणाऱ्याला क्षणभर वाटतं, चुकवला तर मीच ना!

पहिल्या भागाची ताकद नाकारायचं कारण नाही. सुरुवातच बघा: मी आजारी माणूस आहे, खुनशी आहे, माझं यकृत दुखतंय बहुतेक. पण डॉक्टरकडे जाणार नाही. का? खुन्नस म्हणून. कोणाविरुद्ध, ते त्यालाही सांगता येत नाही. आपल्याकडे नाक कापून अपशकुन करणं म्हणतात ते हेच, फक्त इथे अपशकुन व्हायला समोर कोणी नाही. पुढे तो म्हणतो, समजा शास्त्रज्ञांनी उद्या माणसाच्या प्रत्येक इच्छेचं सूत्र शोधलं. लॉगॅरिदमच्या कोष्टकासारखं १,०८,००० पर्यंतचं कोष्टक छापलं. मी कोणाला अंगठा दाखवला तो का दाखवला, आणि नेमक्या त्याच बोटांनी का दाखवला, हे त्यात निघालं. मग पुढच्या तीस वर्षांचं माझं आयुष्य आजच मांडून टाकता येईल. मग मी माणूस कसला? पियानोची पट्टी! दाबली की वाजणारी. आणि अशा वेळी, तो म्हणतो, आपण पट्टी नाही एवढं सिद्ध करायला माणूस मुद्दाम वेडा होईल. दोन दुणे चार ही छानच गोष्ट, पण ती कमरेवर हात ठेवून वाट अडवून थुंकत उभी असते. दोन दुणे पाच हीसुद्धा कधीकधी मोठी गोड चीज आहे.

हे वाचून अंगावर काटा येतो. आज तर जास्तच. मी काय विकत घेणार, कोणावर चिडणार, रात्री किती वाजेपर्यंत जागणार, हे माझ्या आधी माझ्या फोनला कळतं. त्या काळात कोष्टक ही कल्पना होती, आज ती दर सेकंदाला अद्ययावत होते. त्यामुळे हा रागीट कारकून नव्याने लोकप्रिय झाला यात नवल नाही. तरुण मुलं त्याची वाक्यं स्वतःच्या फोटोखाली लावतात. एकटेपणा हीच ओळख, चिडचीड हाच बाणा.

पण तो कोणाशी भांडत होता, ते आधी बघू. निकोलाय चेर्निशेव्हस्की हा त्या काळच्या तरुणांचा दैवत झालेला लेखक. १८६२ साली त्याला अटक झाली आणि पीटर-पॉल किल्ल्यातल्या कोठडीत बसून त्याने ‘काय करावं?’ ही कादंबरी लिहिली. ती १८६३ साली छापून आली. माणूस वाईट वागतो कारण त्याला स्वतःचं खरं हित कळत नाही, ते नीट दाखवून दिलं की तो आपोआप चांगला वागेल, हा त्यातला गाभा. नायिकेच्या स्वप्नात काचेचा आणि लोखंडाचा भव्य महाल येतो, त्यात सगळे सुखाने काम करतात, खातात, नाचतात. असा महाल खरोखरच होता: १८५१ च्या प्रदर्शनासाठी लंडनच्या हाइड पार्कमध्ये उभारलेला, नंतर सिडनहॅमला हलवलेला क्रिस्टल पॅलेस. दोस्तोव्हस्की १८६२ साली लंडनला जाऊन आला, आणि परतल्यावर त्याने जे लिहिलं त्यात या महालाबद्दलची धास्ती आहे. असं काही पूर्ण, अंतिम उभं राहिलं की त्याला जीभ दाखवायची सोय राहत नाही, ही तळघरातल्या माणसाची तक्रार तिथून आली.

नेव्हस्कीवरचा धक्काही चेर्निशेव्हस्कीकडूनच उसना घेतलेला आहे. त्याच्या कादंबरीतला गरीब विद्यार्थी लोपुखोव्ह याचा नियम असा, की बायका सोडून कोणालाही आपण आधी वाट द्यायची नाही. समोरून एक तालेवार गृहस्थ येतो, हाही हलत नाही, आणि सरळ त्या गृहस्थाला उचलून चिखलात आडवा करतो. एका परिच्छेदात समता प्रस्थापित! दोस्तोव्हस्कीने हेच घेतलं आणि विचारलं, बरं, प्रत्यक्षात हे कसं होईल? कॉलर कोणती घालशील? उधारी कोणाकडून आणशील? ऐनवेळी पाय लटपटून त्याच्या पायाशीच पडलास तर? (पडतो. एकदा खरंच पडतो.) धक्का दिल्यावर त्याने बघितलंच नाही तर?

चेर्निशेव्हस्कीवर हसणं सोपं आहे, म्हणून एक सांगून ठेवतो. हा माणूस आपल्या पुस्तकातल्या माणसांसारखा वागला. १८६४ साली त्याला भर चौकात खांबाला उभं करून त्याच्या डोक्यावर तलवार मोडली, सक्तमजुरीला सायबेरियात पाठवलं, आणि परत येऊ दिलं ते १८८३ साली. माणसाला स्वतंत्र इच्छा वगैरे काही नसते असं मानणारा हा गृहस्थ वीसेक वर्षं वाकला नाही. आणि स्वतंत्र इच्छेच्या नावाने गळा काढणारा तळघरवाला एका कॉलरसाठी आंतोन आंतोनिचपुढे वाकला.

आता दुसरा भाग. शाळेतल्या एका जुन्या सोबत्याला निरोपाचं जेवण आहे. याला कोणी बोलावलेलं नाही. हा स्वतःहून घुसतो, त्या सगळ्यांचा तिरस्कार करत घुसतो. जेवणाची वेळ पाचची सहा केल्याचं याला कोणी कळवत नाही. हा तासभर रिकाम्या टेबलाशी बसून राहतो आणि वेटर मेणबत्त्या आणतात. नंतर भांडण होतं. बाकीचे सोफ्यावर जाऊन बसतात, आणि हा? टेबलापासून शेगडीपर्यंत आणि शेगडीपासून टेबलापर्यंत तीन तास येरझारा घालतो. मुद्दाम टाचा आपटत. मला तुमची पर्वा नाही हे त्यांना ऐकू जावं म्हणून. ते ढुंकून बघत नाहीत.

तीन तास! हा प्रसंग वाचताना हातातलं पुस्तक खाली ठेवावंसं वाटतं, इतकी लाज वाटते; आणि ती त्याची राहत नाही, आपली होते. पण जरा बाजूला होऊन बघा. पियानोची पट्टी म्हणजे आणखी काय असतं? अपमानाचं बोट पडलं की हा वाजतो, दर वेळी त्याच सुरात. हा माणूस पुढच्या क्षणी काय करेल हे सांगायला १,०८,००० आकड्यांचं कोष्टक नको, शेजारच्या टेबलावरचा वेटरही सांगेल. पहिल्या भागात जे त्याने तर्काने खोडून काढलं, ते दुसऱ्या भागात त्याच्या वागण्याने सिद्ध झालं. ‘नाही’ म्हणणं ही त्याची एकुलती एक कला, आणि ‘नाही’ म्हणायला आधी दुसऱ्याने काहीतरी म्हणावं लागतं. मालकाच्या प्रत्येक हुकमाच्या बरोब्बर उलट वागणारा नोकर मोकळा नसतो, हुकमाचाच असतो.

रशियन समीक्षक मिखाईल बाख्तिनने १९२९ साली या माणसाची भाषा उलगडून दाखवली. त्याचं प्रत्येक वाक्य समोरच्याकडे तिरप्या नजरेने बघतं. ‘सभ्य गृहस्थहो, तुम्हाला वाटत असेल की...’ असं म्हणत तो वाचकाच्या तोंडचा आक्षेप आधीच हिसकावून घेतो, मग त्याच्यावर कुरघोडी करतो, मग आपल्या कुरघोडीचीही थट्टा करतो, म्हणजे शेवटचा शब्द दुसऱ्याचा होऊ नये. एकांतात बसून लिहिणाऱ्याच्या वहीत इतकी गर्दी कुठून आली? त्याचं तुटलेपण हे असं आहे: खोलीत कोणी नाही आणि डोक्यात सगळे आहेत. आमच्याकडे परात्मता असा एक जड शब्द आहे, समीक्षक वापरतात. तो ऐकला की डोंगरावर एकटा उभा असलेला कोणी ध्यानस्थ माणूस डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात परात्म माणूस म्हणजे पाठवलेल्या संदेशाखाली दोन निळ्या खुणा उमटल्या का, हे रात्री दोन वाजता सातव्यांदा बघणारा.

आणि हे त्याला स्वतःला कळतं, यातच पुस्तकाचं मोठेपण. पहिल्या भागाच्या शेवटी तो म्हणतो, तळघरच बरं. आणि पुढच्याच श्वासात: खोटं बोलतोय मी! दोन दुणे चार इतकं स्वच्छ मला ठाऊक आहे की तळघर बरं नाही, दुसरंच काहीतरी बरं आहे, अगदी वेगळं, ज्याची मला तहान आहे आणि जे मला सापडत नाही. दोन दुणे चार इतकं स्वच्छ, हे शब्द त्याच्या तोंडी घालताना दोस्तोव्हस्की गालातल्या गालात हसला असणार. हे दुसरं काहीतरी म्हणजे काय, ते मूळ हस्तलिखितात जास्त उघड होतं. मार्च १८६४ मध्ये त्याने भाऊ मिखाईलला लिहिलेल्या पत्रात तक्रार आहे, की जिथे मी थट्टेने देवाची निंदा केली ते सेन्सॉरने राहू दिलं आणि जिथे या सगळ्यातून श्रद्धेची, ख्रिस्ताची गरज काढून दाखवली तेवढंच कापलं. मला विचाराल तर सेन्सॉरच्या हातून नकळत पुण्य घडलं. उत्तर छापलं गेलं असतं तर ते प्रवचन झालं असतं. आज त्या जागी लीझा उभी आहे.

लीझा वीस वर्षांची, रिगाहून आलेली, वेश्यागृहातली मुलगी. जेवणाच्या अपमानाचा सूड घ्यायला सोबत्यांच्या मागे धावलेला हा माणूस तिथे पोचतो, ते निघून गेलेले असतात, आणि त्याच्या वाट्याला ही येते. अंधारात तो तिला पुस्तकी भाषेत सुनावतो: तू अशीच संपशील, तुझी शवपेटी ओल्या खड्ड्यात उतरवतील, वगैरे. ती कोलमडते. मग धावत जाऊन एक कागद आणते. वैद्यकीच्या एका विद्यार्थ्याने तिला लिहिलेलं प्रेमपत्र, साधंसुधं, आदराने लिहिलेलं. आपल्यालाही कोणी असं लिहिलं आहे, हे तिला याला दाखवायचं असतं. हा तिला पत्ता देतो आणि घरी येऊन घाबरतो, ही खरंच आली तर?

ती येते. तो फाटक्या घरगुती झग्यात, नोकर अपोलोनशी सात रुबल पगारावरून हमरीतुमरीवर आलेला. आपली ही दशा तिने बघितली, याचा सूड तो तिच्यावरच काढतो. मी तुझ्यावर हसत होतो, मला तुझ्यावर सत्ता हवी होती, असं सगळं ओकतो. आणि इथे पुस्तकातली एकमेव अनपेक्षित गोष्ट घडते. त्या मुलीला अपमान लागत नाही. लागतो, पण त्याच्या पलीकडचं तिला दिसतं: हा माणूस स्वतःच दुःखी आहे. ती हात पसरून त्याला मिठीत घेते. ‘मला होऊ देत नाहीत... मला चांगलं होता येत नाही’ असं म्हणत तो हुंदके देतो. पण पाव तासात त्याच्या डोक्यात हिशेब सुरू होतो. आता ती वरचढ झाली, मी खाली गेलो. आणि मग तो जे करतो ते करतो, आणि ती निघताना तिच्या मुठीत पाच रुबलची नोट कोंबतो. हे मनाने केलं नाही, डोक्याने केलं, पुस्तकातून केलं, असं तो स्वतःच कबूल करतो.

ती गेल्यावर त्याला टेबलावर दिसते चुरगळलेली निळी नोट. तीच.

अख्ख्या पुस्तकात एका माणसाने एक मोकळी कृती केली असेल तर ती ही. तिच्याकडे सिद्धांत नाही, कोष्टकाविरुद्ध बंड नाही. तिला कोणालाही काही सिद्ध करून दाखवायचं नाही. तो तेव्हा तिच्याकडे बघतही नव्हता. गरिबी, धंदा, अपमान, सगळी परिस्थिती त्या नोटेवर मूठ मिटायला सांगत होती, आणि तिने मूठ उघडली. तळघरवाल्याला हे सुचलं नसतं, कारण त्याला माणसं फक्त दोनच प्रकारची माहीत: मला दाबणारी आणि मी दाबतो ती.

हा एका पुस्तकाचा योगायोग असता तर मी एवढं लांबण लावलं नसतं. दोन वर्षांनी, १८६६ साली, आलेल्या ‘गुन्हा आणि शिक्षा’मध्येही हेच आहे. त्याचा नायक रास्कोल्निकोव्ह एका सावकारीण म्हातारीचा खून करतो तो आपण उवा नाही, माणूस आहोत, सीमा ओलांडायचा अधिकार आपल्याला आहे, हे तपासायला. इच्छास्वातंत्र्याचा प्रयोगच म्हणा. आपल्या दारापासून म्हातारीच्या घरापर्यंत ७३० पावलं, हे त्याने मोजलेलं आहे. आणि ती वेळ जवळ आल्यावर काय होतं? बाजारात त्याला योगायोगाने कळतं की उद्या संध्याकाळी सात वाजता म्हातारी घरी एकटी असेल, आणि त्याला वाटतं, संपलं, आता आपली इच्छा उरली नाही. यंत्राच्या चाकात कपड्याचं टोक अडकावं आणि यंत्राने आत ओढून घ्यावं, तसं. नेपोलियन व्हायला निघालेला माणूस चाकात अडकलेल्या धोतराच्या सोग्यासारखा ओढला जातो!

खुनानंतर नेव्हा नदीच्या पुलावर त्याला कोणी भिकारी समजून वीस कोपेकचं नाणं देतं. तो ते पाण्यात फेकतो, आणि त्याला जाणवतं की त्या क्षणी त्याने स्वतःला कात्रीने कापल्यासारखं सगळ्यांपासून कापून टाकलं. तुटलेपणाचं इतकं नेमकं चित्र मी दुसरीकडे वाचलेलं नाही. नाणं फेकणं आणि नोट ठेवून जाणं, दिसायला दोन्ही सारखंच. पण त्याने देणाऱ्यालाच फेकून दिलं. तिने फक्त किंमत नाकारली.

आणि त्याची मोकळी कृती कुठली? ज्या सोन्यापाशी त्याने खून कबूल केला, तिच्या सांगण्यावरून चौकात जमिनीचं चुंबन घेणं नाही. तिथे लोक हसले, दारुडा म्हणाले, आणि तोंडावर आलेला कबुलीजबाब त्याने गिळला. पोलीस कचेरीत तो जातो. पुरावा नाही, दुसऱ्या एकाने गुन्हा कबूलही केलाय. गप्पा होतात, त्याचं गुपित चोरून ऐकलेल्या स्विद्रिगायलोव्हने गोळी झाडून घेतल्याची बातमी कानावर येते, आणि हा काही न सांगता जिना उतरून खाली येतो. सुटला. अंगणात सोन्या उभी आहे, पांढरीफटक. ती काही बोलत नाही. तो तिच्याकडे बघतो, कसंनुसं हसतो, आणि वळून पुन्हा जिना चढतो. कोणी ढकललं नाही, कोणी बोलावलं नाही. फक्त एक माणूस उभं होतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. हे सगळं माणसाच्या आतलं झालं. पण माणसाला तळघरात ढकललं कोणी? १७२२ साली झार पीटरने सरकारी नोकरांची चौदा पायऱ्यांची उतरंड केली, पहिली सगळ्यांत वरची. तळघरवाला आठव्या पायरीवरून निवृत्त झाला, गोगोलच्या १८४२ सालच्या ‘ओव्हरकोट’मधला अकाकी नवव्या पायरीवर मेला. कोण कोणाला वाट देणार, हे रस्त्यावर यायच्या आधीच ठरलेलं होतं. अशा व्यवस्थेत तुटलेपण हा स्वभावदोष कसा? ते तर कारखान्यातून निघणारा माल. मग लीझाचं मन मोठं म्हणून टाळ्या वाजवणं म्हणजे पीडितानेच उदार व्हावं, असं सांगणं नाही का?

दोस्तोव्हस्की या प्रश्नापाशी आयुष्यभर घुटमळला. रशियात ज्युरीचे खटले सुरू झाले, आणि ज्युरर धडाधड आरोपींना सोडू लागले: बिचाऱ्याला परिस्थितीने गिळलं. १८७३ साली त्याने ‘परिस्थिती’ याच नावाचा लेख लिहून यावर झोड उठवली. सगळं परिस्थितीवर ढकललं की माणसाची जबाबदारी संपते, आणि जबाबदारी संपली की माणूसच संपतो. तुम्ही दया करताय असं वाटतं, पण त्याला वस्तू करून टाकताय. मुद्दा बिनतोड आहे. पण त्याच लेखात तो म्हणतो, मी कैद्यांत राहिलोय, त्यांच्यातला बहुधा एकही आतल्या दीर्घ यातनांतून सुटलेला नव्हता. आणि त्याच्याच तुरुंगावरच्या पुस्तकात लिहिलंय, इतक्या वर्षांत मला पश्चात्तापाची खूणही दिसली नाही. यातलं कुठलं खरं मानायचं? मला आधी लिहिलेलं, तुरुंगावरच्या पुस्तकातलं, जास्त विश्वासार्ह वाटतं. ते ओम्स्कच्या, म्हणजे त्याने भोगलेल्या सायबेरियातल्या तुरुंगाच्या, जवळचं आहे, वृत्तपत्री वादापासून दूरचं.

कारण ओम्स्कमध्ये त्याने जे पाहिलं ते कुठल्याही बाजूच्या सिद्धांतात बसत नाही. १८४९ च्या डिसेंबरात दोस्तोव्हस्कीला पीटर्सबर्गच्या सेम्योनोव्हस्की चौकात बंदुकांसमोर उभं करून ऐनवेळी मृत्युदंडाची शिक्षा बदलली, मग चार वर्षं पायात बेड्या. तिथे त्याच्या लक्षात आलं की कैदी महिनोन् महिने कोपेक कोपेक जमवतो आणि एका दिवसात दारूत उडवतो. वेडा म्हणून नाही. पैसा म्हणजे नाण्यात पाडलेलं स्वातंत्र्य, आणि ते खर्च केलं तरच आहे असं वाटतं, म्हणून. तिथेच त्याने लिहिलं, की माणसाला पुरतं चिरडायचं असेल तर त्याला एका बादलीतलं पाणी दुसरीत आणि दुसरीतलं पहिलीत ओतायला लावा. चार दिवसांत गळफास लावून घेईल. काम कितीही कष्टाचं असो, ते कोणाच्या तरी उपयोगाचं हवं. म्हणजे बेड्यांपेक्षाही निरर्थकता जड. हे वाचल्यावर मला आक्षेपाचं उत्तर असं वाटतं: परिस्थिती माणसाला जखडते हे खरं, आणि जखडलेल्याला जबाबदार धरणं हा त्याचा सन्मान आहे हेही खरं, पण तो सन्मान करायचा अधिकार जखडणाऱ्याला नाही. आठव्या पायरीवरच्याला नवव्या पायरीवरच्याने जबाबदारी शिकवावी, वरच्याने नको. दोस्तोव्हस्की १८७३ मध्ये हे विसरला. लीझा लिहिताना विसरला नव्हता.

टॉलस्टॉयची तऱ्हा वेगळी. ‘युद्ध आणि शांती’च्या शेवटी तो पानंच्या पानं इच्छास्वातंत्र्याचा काथ्याकूट करतो (बहुतेक वाचक ती पानं उलटतात, मीही दोनदा उलटली). पण १८८६ सालच्या ‘इव्हान इलिचचा मृत्यू’मध्ये त्याला तर्क लागत नाही. पडदा लावताना कुशीला लागलेल्या मारातून न्यायाधीश इव्हान इलिच मरायला टेकतो. सगळे खोटं बोलतात, बरे व्हाल म्हणतात. गेरासिम नावाचा खेडवळ नोकर तेवढा रात्रभर त्याचे पाय आपल्या खांद्यांवर धरून बसतो, कारण तेवढ्याने कळ थांबते. का करतोस, तर म्हणतो, सगळेच मरणार की, थोडे कष्ट घेतले तर काय बिघडलं? इथे तर पायऱ्यांची उतरंड डोळ्यांसमोर आहे, साहेबाचे पाय नोकराच्या खांद्यांवर. आणि तरी त्या घरात मोकळा माणूस तोच.

लीझा पुन्हा दिसत नाही. खालचं घट्ट बसलेलं काचेचं दार करकरत उघडतं, धाडकन आपटतं, आवाज जिन्याने वर येतो. नोट दिसल्यावर हा कसाबसा कपडे चढवून बर्फात धावतो, दोनशे पावलांवरच्या चौकापर्यंत जातो आणि थांबतो. कशाला गाठायचं तिला? पाय धरायला? उद्या मी पुन्हा तिचा द्वेष करीन. मग घरी जाता जाता त्याचा विचार तयार होतो: अपमान घेऊन गेली तेच बरं, अपमानाने माणूस शुद्ध होतो. सोळा वर्षांनी त्याला ही आठवण बोचते, म्हणून तो लिहायला बसतो, आणि शेवटी जाहीर करतो, बस, यापुढे लिहायचं नाही. त्याखाली संपादकाची दोन ओळींची टीप आहे. या विरोधाभासी गृहस्थाची टिपणं इथे संपत नाहीत. त्याला राहवलं नाही, तो पुढे लिहीतच राहिला.